निवांत गावी गेल्यावर ‘इथेच राहावे’ असे का वाटते?

पारिजात

नमस्कार. गेल्या महिन्यात एका लहान गावी ९ दिवस राहून आले. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे विचारायचे आहे ते त्या एका गावापुरते नाही. असे गाव बहुतेकांच्या प्रवासात कधी ना कधी येतेच. तिसऱ्या दिवशी मी घरांवरच्या ‘भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या वाचू लागले. पाचव्या दिवशी एका बंद घराच्या खिडकीपाशी उभी राहून टेबल कुठे ठेवता येईल, पुस्तके कोणत्या भिंतीला लागतील आणि सकाळचे ऊन कोणत्या खोलीत येत असेल याचा विचार करत होते. परत आल्यावर तो विचार विरून जाईल असे वाटले होते, पण महिना झाला तरी तो गेलेला नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

त्या गावातले एक दृश्य सांगते, म्हणजे मला नेमकी कशाची ओढ लागली ते कळेल. चौकाच्या पलीकडे एक लहान बाग होती. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने ती बंद होईल असे फाटकाजवळच्या फलकावर लिहिलेले होते. मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसत असे. एक वृद्ध बाई काठी टेकत बागेला ३ फेऱ्या घालत, आणि त्यांची तिसरी फेरी सुरू होईपर्यंत बंद करण्याची वेळ उलटून गेलेली असे. किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन रखवालदार फाटकाशी उभा असायचा. त्याने त्यांना कधी हाक मारली नाही, शिट्टी वाजवली नाही. तेवढ्या वेळात तो पाण्याची नळी गुंडाळायचा, गळका नळ पुन्हा एकदा आवळायचा आणि झाडून झालेल्या जागेवरची चार पाने वाकून उचलायचा. बाई फाटकाशी आल्या की तो दार धरून ठेवायचा, गुडघ्याची चौकशी करायचा आणि मगच कुलूप लावायचा. माझ्या शहरात मला वर्षानुवर्षे जे मिळालेले नाही ते या दोघांकडे आहे, असे मला तिथे बसल्या बसल्या फार तीव्रतेने वाटले.

आता माझा प्रश्न. आपण सुट्टीवर असतो तेव्हा आपल्याला गाव आवडते, की त्या गावातले कामाविना, निरोपांविना, कोणाला उत्तर देण्याच्या बांधिलकीविना वावरणारे आपले रूप आवडते? दुसरे खरे असेल तर बिऱ्हाड हलवून काही उपयोग नाही, कारण सामानाबरोबर काम, चिंता आणि स्वभावही येणारच. पण पहिल्यातही काही तथ्य असेल, तर ही ओढ ‘सुट्टीचा अंमल’ म्हणून उडवून लावणे मला अन्यायाचे वाटते. ज्यांनी असा विचार केला आहे, प्रत्यक्ष राहून पाहिले आहे किंवा ठरवून बेत सोडून दिला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मुशाफिर

आपला प्रश्न वाचून थांबलो, कारण ११ वर्षांपूर्वी आम्ही दोघे नेमक्या याच प्रश्नापाशी होतो. आम्ही एका टेकडीच्या प्रेमात पडून गाव बदलले. गावाच्या मागे ती टेकडी आहे, वर गेले की नदीचे वळण दिसते, आणि सहलीच्या त्या चार दिवसांत आम्ही तिथे ६ वेळा गेलो होतो. गेल्या वर्षभरात मी त्या टेकडीवर ४ वेळा गेलो, त्यातले ३ वेळा पाहुण्यांना घेऊन. टेकडी होती तशीच आहे, फक्त ती आता माझ्या घराच्या मागे असते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ज्या गोष्टीसाठी आपण येतो ती काही महिन्यांत पार्श्वभूमीला जाते आणि नंतर ज्यांच्या आधाराने राहतो त्या गोष्टी वेगळ्याच निघतात, एवढेच सांगायचे आहे.

दुसऱ्या वर्षी एका रात्री पत्नीच्या पोटात असह्य दुखू लागले. गावातला दवाखाना संध्याकाळीच बंद झालेला होता आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय दीड तासावर. शेजाऱ्यांचे दार वाजवले. ते अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीची किल्ली घेऊन बाहेर आले, आम्हाला घेऊन गेले आणि सकाळपर्यंत बाकावर बसून राहिले. ते दीड तास मी अजून विसरलेलो नाही. गाव निवडताना मी सूर्यास्त पाहिला होता, पण रात्री दोन वाजता उपचार कुठे मिळतील हे विचारले नव्हते. ही माझी चूक होती आणि ती भारी पडू शकली असती.

त्या रात्रीनंतर आणखी एक गोष्ट झाली. काही महिन्यांनी शेजाऱ्यांचे वडील अंथरुणाला खिळले आणि दर मंगळवारी दुपारी त्यांच्याजवळ बसायला कोणीतरी हवे होते. मला कोणी विचारले नाही, पण मी जायला लागलो. ४ वर्षे गेलो. शहरात असताना माझी मंगळवारची दुपार अशी कोणाच्या नावावर नव्हती. आपल्याला त्या बागेत जे दिसले ते मी आतून पाहिले आहे, आणि आतून ते निवांत वाटत नाही. ते काम असते, पुष्कळदा कंटाळवाणे आणि कधीकधी मनाविरुद्धचे. गाव निवांत दिसते ते असे कोणीतरी आपला वेळ मोजून न देता देत असते म्हणून. पाहुण्याला तो वेळ फुकट मिळतो. राहायला आलेल्याला तो परत द्यावा लागतो.

आकडेमोड

या विषयावर संशोधकांनी बरेच काम केले आहे आणि ते दोन्ही बाजूंना विचार करायला लावणारे आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

लहान गावाची गती संथ असते हा निव्वळ भास नाही. मार्क आणि हेलन बॉर्नस्टीन यांनी ६ देशांतल्या १५ ठिकाणी, रस्त्यावरून एकट्या चालणाऱ्या माणसांना ५० फूट अंतर कापायला किती वेळ लागतो ते मोजले. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, लोकवस्ती जितकी मोठी तितकी चालण्याची गती जास्त, असा स्पष्ट संबंध दिसला. म्हणजे पारिजात यांना तिसऱ्या दिवशी जे जाणवले ते पायांनीही जाणवलेले असणार. आजूबाजूचे सगळे हळू चालत असले की आपलाही वेग उतरतो.

पण संथपणा आणि समाधान यांची सांगड आपण समजतो तितकी सरळ नाही. रॉबर्ट लेव्हिन आणि आरा नोरेन्झायन यांनी ३१ देशांतल्या मोठ्या शहरांची गती तपासली. त्यासाठी त्यांनी तीन गोष्टी मोजल्या: चालण्याचा वेग, टपाल कचेरीत तिकीट देण्याला लागणारा वेळ आणि सार्वजनिक घड्याळांचा अचूकपणा. १९९९ सालच्या त्यांच्या निष्कर्षांनुसार वेगवान ठिकाणी हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते, धूम्रपानही अधिक होते, आणि तरीही तिथल्या लोकांनी आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधान नोंदवले होते. वेगाबरोबर उत्पन्न आणि सोयीही येतात, हे त्यामागचे एक कारण असू शकते. ही तुलना शहरांची आहे, गावांची नाही, हे ध्यानात ठेवूनही मला ती महत्त्वाची वाटते: संथ ठिकाणी गेलो की आपोआप सुखी होऊ, असे गृहीत धरता येत नाही.

तिसरा अभ्यास पारिजात यांच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातो. डेव्हिड श्केड आणि डॅनियल काहनेमन यांनी १९९८ साली अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या मिळून सुमारे २००० विद्यार्थ्यांना दोन प्रकारे विचारले: काहींना, तुम्ही स्वतः किती समाधानी आहात, आणि काहींना, दुसऱ्या भागातला तुमच्यासारखाच विद्यार्थी किती समाधानी असेल. दोन्हीकडचे विद्यार्थी स्वतःबद्दल सांगताना जवळपास सारखेच समाधानी निघाले. पण दुसऱ्याबद्दल अंदाज करताना दोन्हीकडच्यांनी कॅलिफोर्नियातला माणूस जास्त सुखी असणार असे मानले. हवामानासारख्या ठळक फरकाकडे लक्ष वेधले गेले की आपण त्याला अवाजवी वजन देतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. बंद घराच्या खिडकीपाशी उभे राहून आपण ऊन, टेबल आणि पुस्तके पाहतो, आणि आयुष्याचा जो मोठा भाग कुठेही सारखाच राहणार आहे तो त्या क्षणी नजरेआड होतो.

पारिजात

आकडेमोड, हे वाचून थोडे वाईट वाटले, पण आपण लिहिलेत ते पटले. मुशाफिर, आपल्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. त्यावर विचार करून लिहीन.

जुनी वेस

मी उलट दिशेने आलेला माणूस आहे. जन्म, शाळा, पहिली नोकरी, सगळे एका लहान गावात झाले आणि २६ व्या वर्षी मी ते सोडले. पाहुण्यांना माझे गाव फार आवडायचे. चौकात बसून ते ‘तुम्ही किती भाग्यवान आहात’ असे म्हणत, आणि मला त्यांना काय उत्तर द्यावे ते कळत नसे.

पारिजात यांनी वर्णन केलेला रखवालदार त्या बाईंचा गुडघा जाणतो, ही खरोखर सुंदर गोष्ट आहे. पण जिथे गुडघा जाणतात तिथे सगळेच जाणतात. मी एका परीक्षेत नापास झालो तेव्हा निकाल घरी पोहोचण्याआधी वडिलांना रस्त्यात सांत्वन मिळाले होते. पुढच्या वर्षी मी उत्तीर्ण झालो, नंतर चांगली नोकरी मिळवली, तरी गावाच्या लेखी मी अनेक वर्षे ‘त्या वर्षी राहिलेला मुलगा’ होतो. लहान गावाची स्मरणशक्ती मोठी असते. शहरात माणूस स्वतःविषयीचे जुने मत मागे टाकू शकतो. गावात ते मत आपल्या आधी दारात पोहोचलेले असते.

पाहुण्याला या ओळखीची फक्त ऊब मिळते, कारण त्याच्या मागे त्या गावात भूतकाळ नसतो. कोणी तिथे नव्याने राहायला जात असेल तर त्याने हे समजून जावे की पहिली काही वर्षे तो परका राहील आणि त्यानंतर एकदम फार ओळखीचा होईल. या दोन्हींच्या मधली अवस्था मी तरी कोणाच्या वाट्याला आलेली पाहिली नाही. आणखी एक सांगतो. काही गावे निवांत दिसतात कारण तिथली तरुण माणसे निघून गेलेली असतात. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली, म्हणजे देशातल्या एकूण घरांपैकी १३.८ टक्के. अशा भागातल्या रस्त्यावरची शांतता आणि पारिजात यांच्या बागेतली शांतता बाहेरून सारखी दिसू शकते. शाळा सुटण्याच्या वेळी रस्त्यावर उभे राहावे. मुलांचा आवाज येतो की नाही, यावरून पुष्कळ कळते.

रंगरेषा

वरच्या चर्चेत एक उदाहरण जोडावेसे वाटते. चित्रकार जॉर्जिया ओकीफ १९२९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून न्यू मेक्सिकोत गेल्या आणि त्या मुलुखाने त्यांना पार वेड लावले. त्या लगेच तिथे राहायला गेल्या नाहीत. पुढे बहुतेक उन्हाळ्यांत त्या तिथे जाऊन राहत आणि काम करत. १९४० साली त्यांनी तिथे घर घेतले, १९४५ साली अबिक्यू या खेड्यातला एक पडका वाडा घेऊन तो दुरुस्त करवला, आणि कायमच्या राहायला गेल्या त्या १९४९ साली, पती आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या निधनानंतर. पहिल्या भेटीपासून कायमच्या मुक्कामापर्यंत २० वर्षे गेली.

मला यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही वाटते की त्या तिथे विश्रांतीला जात नव्हत्या. रंग, कॅनव्हास आणि स्वतःची शिस्त बरोबर घेऊन जात होत्या. त्यामुळे त्या जागी आपले काम होते की नाही, एकटेपणा सोसतो की नाही, हे त्यांना वर्षानुवर्षे कळत गेले. आणि मुशाफिर यांच्या अनुभवाला धरून आणखी एक: नव्वदी ओलांडल्यावर प्रकृती ढासळली तेव्हा, १९८४ साली, त्यांनाही ते घर सोडून सान्ता फे शहरात यावे लागले. १९८६ साली तिथेच त्यांचे निधन झाले. आवडलेल्या जागी आयुष्याचा मोठा काळ काढता येतो, पण शेवटचा काळ तिथेच काढता येईल असे धरून चालू नये.

मुशाफिर

रंगरेषा, आपण दिलेले उदाहरण मला ११ वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवे होते.

काठावर

माझा आक्षेप थोडा वेगळा आहे. आपण सगळे ‘मला तिथे राहणे जमेल का’ असे विचारतो आहोत. ‘माझ्या येण्याने त्या गावाचे काय होईल’ हे कोणी विचारत नाही. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट गावात हजाराहून कमी माणसे राहतात आणि गर्दीच्या दिवसांत तिथे १० हजारांपर्यंत पाहुणे येतात. २०२३ साली गावकऱ्यांना रस्त्यावर उतरून निषेध करावा लागला. लाओसमधले लुआंग प्रबांग १९९५ साली जागतिक वारसा यादीत आले, आणि त्यानंतरच्या काळात जुन्या भागातल्या अनेक कुटुंबांनी आपली घरे पाहुण्यांच्या निवासासाठी देऊन बाहेर बिऱ्हाड केले. घरे जपली गेली, पण त्यांतली माणसे हलली. ‘इथेच राहावे’ ही इच्छा एकट्याची असते तोवर ती निरुपद्रवी असते; तीच हजारोंची झाली की घरभाडे वाढते आणि रखवालदाराच्या मुलालाच त्या गावात घर मिळेनासे होते.

याला दुसरी बाजूही आहे. निवांतपणा ठरवून राखता येतो. इटलीतल्या ग्रेव्हे इन कियान्ती, ऑर्व्हिएतो, ब्रा आणि पोसितानो या गावांनी १९९९ साली एकत्र येऊन ‘चित्तास्लो’, म्हणजे संथ गावांची, चळवळ सुरू केली. गोगलगाय हे तिचे बोधचिन्ह आहे आणि ५० हजारांहून कमी वस्तीच्या गावांनाच तिचे सदस्यत्व मिळते. वाहनांची वर्दळ आणि गोंगाट कमी करणे, मोकळ्या जागा राखणे, स्थानिक कारागिरी टिकवणे, यांसाठी त्यांनी लिखित निकष ठेवले आहेत. निवांतपणा टिकवायला सभा, नियम आणि पाठपुरावा लागतो, हे मला त्यातून शिकण्यासारखे वाटते. राहायला जाणाऱ्याने त्या सभांना बसण्याची तयारी ठेवावी.

पारिजात

सर्वांचे मनापासून आभार. गेले चार दिवस हे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचते आहे.

जुनी वेस यांनी विचारलेली खूण मी आठवून पाहिली. शाळा सुटल्याचा आवाज त्या गावात येत होता, अगदी दुपारची झोप मोडण्याइतका. रात्री उपचार कुठे मिळतात हे मात्र मी कोणालाही विचारले नव्हते. ९ दिवसांत एकदाही ते मनात आले नाही, यावरूनच मी तिथे कोणत्या नात्याने राहत होते ते मला कळते.

काठावर यांनी सभांना बसण्याविषयी लिहिले ते वाचून जर्मन कवी गटे आठवले. १७७५ साली, २६ वर्षांचे असताना, ते तरुण ड्यूकच्या निमंत्रणावरून वायमारला गेले. ते गाव तेव्हा जेमतेम ६००० वस्तीचे होते. भेटीसाठी गेलेला हा कवी १८३२ साली मृत्यू येईपर्यंत तिथलाच झाला. पण तिथे पोहोचल्यावर वर्षभरातच ते राज्याच्या मंत्रिमंडळात बसू लागले, आणि पुढे खाणींचे, रस्त्यांचे, सैन्यभरतीचे कामकाज त्यांच्या अंगावर आले. त्या कामांनी ते इतके थकले की १७८६ साली ते कोणाला न सांगता इटलीला निघून गेले आणि जवळजवळ २ वर्षांनी परतले. परतले ते वायमारलाच. मुशाफिर यांच्या मंगळवारच्या दुपारीबद्दल वाचले नसते, तर मला त्या रस्ते आणि खाणींच्या कामांचा अर्थ इतका जवळून कळला नसता.

आता मी पहिल्या लेखात न लिहिलेली गोष्ट लिहिते. नवव्या दिवशी संध्याकाळी त्या बाई आल्या नव्हत्या आणि बागेत मी एकटीच उरले होते. अंधार पडल्याचे माझ्या ध्यानात आले नाही. मान वर केली तेव्हा रखवालदार फाटकाशी उभा होता. मी घाईने उठले तेव्हा तो म्हणाला, “बसा, घाई नाही.” मला वाटले, गावच माझ्याशी बोलते आहे. मी पुन्हा बसले आणि आणखी पंधरा-वीस मिनिटे बसून राहिले. त्याने नळी गुंडाळली, नळ आवळला, पाने उचलली. त्याच्या घरी कोण वाट पाहत होते, त्याला किती लांब जायचे होते, त्या जास्तीच्या वेळेचा त्याला काही मोबदला मिळत होता का, यातले काहीही माझ्या मनात आले नाही. त्या वीस मिनिटांना मी आजवर गावाचा स्वभाव समजत होते. ती त्याची वीस मिनिटे होती.

तरीही माझी ओढ कमी झालेली नाही; ती कशाची आहे, हे मात्र आता जास्त नीट सांगता येईल. मला त्या दोघांसारखे व्हावेसे वाटते: कोणीतरी माझ्यासाठी थांबावे आणि मलाही कोणासाठी थांबता यावे. यासाठी गाव बदलावेच लागेल की नाही, याचे उत्तर आज माझ्याकडे नाही. सध्या इतकेच ठरवले आहे की ज्या महिन्यात तिथे कोणी पाहुणे येत नाहीत, त्या महिन्यात पूर्ण ३० दिवस राहायचे, रोजचे काम बरोबर न्यायचे, पहिल्याच दिवशी जवळच्या रुग्णालयाचा रस्ता पाहून यायचा, आणि बागेतून फलकावर लिहिलेल्या वेळेला उठायचे. त्या बाई फेऱ्या घालत असतील, तर फाटकाशी थांबून रखवालदाराला सांगेन की आज मी थांबते, तुम्ही नळीचे काम उरकून घ्या. परत आल्यावर याच धाग्यावर लिहीन.